पुठ्ठ्यावरचे खेळाडू

पाऊस ओसरला, नवरात्र आटोपलं की आपल्या रत्नागिरीकडे घरोघरी एकच उद्योग सुरू होतो. ट्रंका उघडायच्या, पोटमाळा झाडायचा आणि चार महिन्यांच्या ओलीने कुबट झालेल्या वस्तूंना ऊन दाखवायचं. गोधड्या निघतात, ठेवणीतल्या साड्या निघतात, आणि प्रत्येक घरातून एक तरी डबा असा निघतो की त्याचं काय करावं ते कळत नाही. कुणाची पोस्टाची तिकिटं, कुणाच्या काडेपेट्यांवरची चित्रं, कुणाची जुनी नाणी. "हे अजून ठेवायचं का हो?" हा आपला प्रश्न, आणि "राहू दे गं" हे पुरुषांचं उत्तर! तुमच्याकडेही असंच असणार.

आमच्याकडे असा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. तो मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. आत दोनशेबारा कार्डं आहेत. सगळी पत्त्यांएवढी आणि सगळी घरी केलेली. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापायचा, पुढच्या बाजूला वर्तमानपत्रातून कातरलेला क्रिकेटपटूचा फोटो चिकटवायचा आणि मागे बारीक अक्षरात माहिती लिहायची, हा उद्योग त्यांनी तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू केला. आज पंचाहत्तरीला आले तरी चालू आहे.

हा छंद तसा परदेशातला. विलायतेत आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठा घालत. कंपन्यांनी त्यावर खेळाडूंची चित्रं छापायला सुरुवात केली आणि पोरांना ती जमवायचं वेडच लागलं. अमेरिकेत बेसबॉल म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखाच जिवाभावाचा खेळ. त्यातल्या होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं १९०९ ते १९११ या काळातलं कार्ड फार दुर्मिळ आहे. आपलं चित्र तंबाखूबरोबर जाऊ नये म्हणून त्याने ते छापणं बंद करायला लावलं, असं सांगतात. २०२२ साली त्यातलं एक कार्ड ७२ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकलं गेलं! हे मी जेवताना वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई मामंजींच्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "मग आपल्या दोनशेबारांचे किती येतील हो?" सगळे हसलो.

आमच्या डब्याला बाजारात काडीचीही किंमत नाही. पण छापील कार्डात जे मिळत नाही, ते त्यात आहे. छापील कार्ड ज्याला मागणी असेल त्याचंच निघतं. घरच्या कार्डाला असं बंधन कुठलं? ज्याची आठवण ठेवावीशी वाटली, त्याचं कार्ड.

पहिलं कार्ड विनू मंकड यांचं. मामंजींनी त्यांना खेळताना कधी पाहिलं नाही, वडिलांकडून ऐकलं एवढंच. भारताने पहिला कसोटी सामना जिंकला तो फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. मंकडांनी त्या सामन्यात बारा बळी घेतले. कार्डामागे हे सगळं आहेच, पण शेवटची ओळ अशी: "वडील म्हणाले, त्या दिवशी दुकानदाराने सर्वांना फुकट गूळ वाटला."

१९७१ च्या कार्डांची तर वेगळी जुडी आहे. अजित वाडेकरांच्या संघाने त्या वर्षी आधी वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली. सुनील गावसकरांनी पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या. मग इंग्लंडला ओव्हलवर २४ ऑगस्टला विजय मिळवला. चंद्रशेखरांनी दुसऱ्या डावात ३८ धावांत सहा गडी बाद केले. आणि तो दिवस कुठला माहीत आहे? गणेश चतुर्थीचा! तिकडच्या आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातली हत्तीण मैदानावर आणली होती. इकडे कोकणात तर काय, घराघरात गणपती. मामंजींच्या कार्डावर लिहिलं आहे: "आरती अर्ध्यावर थांबवून रेडिओ ऐकला. आजोबा रागावले. निकाल कळल्यावर त्यांनीच आरती पहिल्यापासून म्हणायला लावली."

एकनाथ सोलकर मामंजींचे विशेष लाडके. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर त्यांचे वडील माळी होते, मैदानाच्या कडेच्या खोलीत सगळं कुटुंब राहायचं. फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, डोक्यावर शिरस्त्राण नसताना ते उभे राहत. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले. हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ आहे.

पण मला स्वतःला आवडतात ती डब्याच्या तळाची कार्डं. त्यांना मामंजी "राहिलेले" म्हणतात. म्हणजे गुण असून ज्यांच्या पदरात काही पडलं नाही ते. पद्माकर शिवलकर त्यात पहिले. डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी, पण त्याच काळात बिशनसिंग बेदी खेळत असल्याने भारताकडून एकही कसोटी मिळाली नाही. मार्च २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मामंजींनी त्यांचं कार्ड काढून दिवसभर देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं.

दुसरं कार्ड पळवणकर बाळूंचं. त्यावर फोटोच नाही. मामंजी म्हणतात, त्यांच्या लहानपणी बाळूंचा फोटो कुठल्याही पेपरात आला नाही, मग मी नुसता चेंडू काढला. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात हे बाळू महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करायचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. पुढे हिंदूंच्या संघात आले, पण चर्मकार समाजातले म्हणून चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलना, १९२३ मध्ये, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठलनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहिलं, म्हणून तरी हे आपल्यापर्यंत पोचलं. न लिहिलेलं किती बुडालं असेल, कोण जाणे.

आता डब्याचा एक नियम सांगते, कारण पुढची हकिकत त्याच्यावरच आहे. मामंजी खेळत्या खेळाडूचं कार्ड करत नाहीत. "खेळतोय तोवर त्याचं काही ठरलेलं नसतं. निवृत्त झाला की मग कार्ड." लहानपणी माझ्या यजमानांनी बबलगमबरोबर मिळालेली चित्रं या डब्यात सरकवून बघितली, पण ती दुसऱ्याच दिवशी बाहेर आली!

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीत मध्यरात्री फटाके वाजले. उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्सच्या नाबाद १२७ धावा, आपल्या सांगलीची स्मृती मानधना, कर्णधार हरमनप्रीत, सगळ्यांची नावं पोरींच्या तोंडी. मामंजी उठले आणि डब्यातून एक कार्ड घेऊन आले: अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताकडून एकदाही खेळायला न मिळालेले, म्हणजे "राहिलेल्यां"तलेच. आणि तेच या मुलींचे प्रशिक्षक! मामंजींनी कार्डावर एक ओळ वाढवली, तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी आमची दहा वर्षांची लेक कात्री आणि पेपर घेऊन बसली. तिला स्मृतीचं कार्ड करायचं होतं. आजोबांनी नियम सांगितला. तिने जरा तोंड फुगवलं, मग विचारलं, "बरं, निवृत्त झालेल्या बायका चालतील ना?"

"चालतील की."

"मग त्या कुठे आहेत तुमच्या डब्यात?"

मामंजींनी डबा उपडा केला. दोनशेबारांत एकही बाई नव्हती.

ते काही मुद्दाम नव्हतं हो. पेपरात जे यायचं तेच ते कातरायचे, आणि बायकांच्या खेळाचे फोटो तेव्हा क्वचितच यायचे. मग आजोबा-नात माहिती शोधायला बसले. शांता रंगस्वामी: १९७६ मध्ये भारताच्या पहिल्या महिला कसोटी मालिकेच्या कर्णधार, अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला क्रिकेटपटू. त्याच वर्षी पाटण्याला भारताने पहिली महिला कसोटी जिंकली. डायना एडलजी: डावखुऱ्या फिरकी गोलंदाज, जागतिक क्रिकेटच्या मानकऱ्यांत २०२३ मध्ये नाव लागलं, भारतीय महिलांत पहिल्यांदा त्यांचंच. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी: लेगस्पिन टाकायच्या, कर्णधारही झाल्या. त्या काळी या मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करायच्या, वसतिगृहांत जमिनीवर झोपायच्या. क्रिकेट मंडळाने महिलांचं क्रिकेट आपल्याकडे घेतलं ते २००६ मध्ये. लेकीने माझ्या मोबाइलवरून चित्रं छापून आणली, कातरली, चिकटवली. चार दिवसांत सहा कार्डं झाली.

सासूबाई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "क्रिकेटच कशाला हवं? खो-खोच्या अचला देवरेंचं कर. १९७१ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला होता. आमच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. ज्या १९७१ ची जुडी डब्यात बांधलेली होती, त्याच वर्षाचं हे नाव आमच्या घरात पहिल्यांदाच निघालं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८–४० असं हरवलं. सासूबाई तो सामना टी.व्ही.समोर उभं राहून बघत होत्या आणि "वळ, वळ, खांब धर" असं पुटपुटत होत्या, ते मला आठवलं. मी विचारलं, "तुम्ही खेळायचात?"

मग हळूहळू निघालं. संगमेश्वर तालुक्यातलं त्यांचं माहेर. शाळेचा संघ होता. अनवाणी खेळायच्या, शाळेच्याच गणवेशात. जिल्ह्याच्या स्पर्धेला एस.टी.ने रत्नागिरीला आल्या होत्या, डब्यात घावनं आणि गूळ-खोबरं. तिथे त्यांनी साडेतीन मिनिटं पळती केली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, बसलेल्या आठ जणींच्या मधून, पाठलाग करणारीला हूल देत, न सापडता साडेतीन मिनिटं पळत राहायचं! पुढच्या फेरीच्या सराव शिबिरासाठी नाव आलं. पण तोवर लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, आणि मुलगी आठ दिवस बाहेरगावी राहणार हे घरात पटलं नाही. प्रशस्तिपत्र होतं, ते माहेरच्या घरात वाळवीने खाल्लं.

मामंजी ऐकत होते. जरा वेळाने म्हणाले, "अगं, पन्नास वर्षांत मला कधी बोलली नाहीस."

सासूबाई लसणाच्या पाकळ्या गोळा करत म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कधी?"

त्यात राग नव्हता. पण मामंजींना काही उत्तर सुचलं नाही.

आणि मग आमची लेक एकदम म्हणाली, "आजोबा, नियमात बसतंय! आजी निवृत्तच आहे की!"

कार्ड झालं. खेळतानाचा फोटो कुठून असणार? मामंजींचा हात अलीकडे थरथरतो, तरी चित्र त्यांनीच काढलं. आधी पायात बूट काढले. सासूबाई म्हणाल्या, "अनवाणी हो." ते खोडले. मग केसांची एक वेणी काढली. "दोन होत्या, लाल रिबिनी." त्याही काढल्या. मागे नात लिहीत होती: खेळ खो-खो. पळती साडेतीन मिनिटं. निवृत्ती १९७४. कारण? तिने मान वर केली.

"लग्न लिही," सासूबाई म्हणाल्या. "खरं आहे ते."

तिने लिहिलं. मामंजींनी ते वाचलं, पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात भरलं: "पुढच्या फेरीसाठी निवड झाली होती." कार्ड डब्यात गेलं ते तळाशी नाही. बाळू आणि शिवलकर यांच्याबरोबर त्यांनी ते वर काढून ठेवलं. सासूबाई "काहीतरीच बाई तुमचं" म्हणून आत गेल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांची बहीण आली, तेव्हा त्यांनी स्वतः डबा काढून तिला दाखवला, बरं का!

मैत्रिणींनो, मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. निबंध म्हटला की मुलं कुरकुर करतात. या वेळी सहावीला सांगितलं, निबंध नको, एकच कार्ड करून आणा. घरातल्या नाहीतर शेजारच्या माणसाचं, खेळातलं किंवा कुठल्याही कौशल्याचं, आणि मागे फक्त पाच ओळी. काय काय आलं म्हणून सांगू! गावच्या कबड्डी संघातले काका आले, लेझीम पथकातली आत्या आली, भाट्याच्या खाडीत पोहणाऱ्या आजीही आल्या. आणि कितीतरी मुलांनी सांगितलं, "बाई, आम्हाला हे माहीतच नव्हतं."

तुम्हीही घरी करून बघा. सुट्टीत मुलांना गुंतवायला याच्यासारखं स्वस्त काही नाही. चार गोष्टी अनुभवाच्या सांगते.

पुठ्ठा लग्नपत्रिकेचा घ्यावा. अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असा कापला की हातात नीट बसतो. एक कार्ड मापाला ठेवून बाकीची त्याच्यावरून आखावीत.

चिकटवायला मैद्याची खळ वापरू नये. आपल्या हवेत तिला बुरशी येते, झुरळं आणि कसर लागते. पूर्वी खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी, मुलांच्या हातात नकोच. बाजारातला डिंक पातळ लावावा आणि कार्डं रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावीत, म्हणजे वाकत नाहीत.

शाईच्या पेनने लिहू नये, पावसाळ्यात अक्षर फुटतं. बॉलपेन किंवा पेन्सिल बरी. आमच्या डब्यातली पेन्सिलीची अक्षरं साठ वर्षांनीही स्वच्छ आहेत.

ठेवायला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, आत जुन्या सुती कापडाची घडी आणि वेखंडाची पुरचुंडी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. पावसानंतर एकदा हवा द्यावी, पण सावलीत. कडक उन्हात चित्रं विटतात. आणि प्रत्येक कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, वाळवीचा भरवसा नाही.

मागे काय लिहायचं? नाव आणि गाव. काय खेळत, किंवा काय उत्तम येत असे. कुठे आणि कोणत्या साली. का थांबलं. आणि एक गोष्ट अशी, जी फक्त त्याच माणसाने सांगावी. "का थांबलं" हा प्रश्न गाळू नका. उत्तर कधी गमतीचं येईल, कधी घसा दाटेल असं येईल, पण ते विचारायला हवं.

गावसकर-सोलकरांचं सगळं छापून आलेलं आहे, ते उद्याही मिळेल. पण तुमच्या सासूबाई, आई, आत्या, मावशी कधीकाळी काय करत होत्या हे कुठल्याच पेपरात नाही. ते त्यांच्या तोंडूनच मिळायचं, आणि त्या सांगायला आहेत तोवरच. संध्याकाळी लसूण सोलताना, शेंगा निवडताना सहज विचारा. सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहा. आणि हो, कार्डामागे तारीख घालायला विसरू नका.